महासत्तेला काय म्हणायचं

सोमवारी सकाळी सूर्यकांत पाटणकरांनी कावेरीला केबिनमध्ये बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. शुक्रवारी रशियन चाललाय. जाण्याआधी त्याची वही आपल्या हातात पडली पाहिजे. पडली तर कावेरीला नव्या अमेरिकन कंपनीच्या कामात घेतलं जाईल, नाही पडली तर दुभाष्याची जागाच रद्द.

"सुपरपॉवरच गेली, आता सुपरपॉवरचा दुभाषी ठेवून मी काय करू?" असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले आणि फोनकडे वळले. माणसाच्या पोटावर पाय द्यायचा तर निदान त्याला खुर्चीवर बसवून द्यावा, पण पुण्याहून आलेल्या या मॅनेजरना तेवढी फुरसत कुठली! कावेरी बाहेर आली, जिन्याच्या तीन पायऱ्या उतरली, परत वर चढली, आणि आपण वर का आलो हे न आठवून पुन्हा खाली गेली.

कारखाना बेंगळुरात, के. आर. पुरमच्या पलीकडे होता. ट्रकचे जाड पत्रे दाबून आकार देणारं दुमजली उंचीचं एक यंत्र तिथे होतं, सगळे त्याला नुसतं प्रेस म्हणत. ते सोव्हिएत देशातून आलं होतं आणि त्याच्याबरोबर १९८९ साली सहा तंत्रज्ञ आले होते. मागच्या डिसेंबरात तो देशच उरला नाही. पाच जण एकेक करून परतले, ज्या मंत्रालयाने त्यांना पाठवलं होतं त्याला कुलूप लागलं, आणि राहिला एकटा गेनादी पाव्लोविच. पन्नाशी उलटलेला, गुडघ्यांनी बेजार, पण प्रेस कधी आणि का रुसतो हे ओळखणारा एकमेव माणूस. ते सगळं त्याने आपल्या शिवलेल्या जाड वहीत रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं. कारखान्याकडचे नकाशे अर्धवट होते, वही पूर्ण होती.

कावेरी चामराजपेटची. तिचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बेंगळुरात आले, त्यांना कुठेतरी जहागीर मिळाली आणि कधीतरी ती गेली. कशी गेली ते घरात कोणी सांगत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ भाड्याच्या दोन खोल्यांत अजून शाबूत होता. वडील प्रतापराव तालुका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण दूधवाल्यापासून शेजारच्या शाळकरी अनुषापर्यंत सगळे त्यांना 'सरकार' म्हणत. घरात नियमच होता, माणसाला त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसांच्या नावाने हाक मारायची. दिवाळं वाजलेला मामा शेवटपर्यंत 'शेठ' राहिला, बडतर्फ झालेला चुलता 'फौजदार'. कोणी चुकून 'माजी' म्हणालं की प्रतापराव पानावरून उठत.

अशा घरातली मुलगी दुभाषी झाली, तेव्हा जे व्हायचं तेच झालं.

पाटणकर तिच्याशी मराठीत बोलत, त्यामुळे रशियनासमोर त्यांची जीभ मोकाट सुटे. डिसेंबरात ते म्हणाले, "विचारा त्याला, महासत्तेचं दुकान बंद झालं, आता पाटी कोण उतरवणार?" कावेरीने रशियनमध्ये सांगितलं, "तुमच्या थोर देशात मोठे बदल होताहेत, साहेबांना तुमच्या घरच्यांची काळजी वाटते." गेनादीने मान लववून आभार मानले. फेब्रुवारीत प्रेस दोन दिवस बंद पडला तेव्हा पाटणकर म्हणाले, "बडा घर, पोकळ वासा! जशी ती महासत्ता तसं हे धूड." त्याचं रशियन झालं, "एवढ्या बलाढ्य राष्ट्राने घडवलेलं यंत्र आहे, त्याला विश्रांती लागणारच." गेनादीने पुन्हा आभार मानले. एप्रिलात, "जगाचा दादा होता, आता गल्लीतलं कुत्रंही विचारत नाही." तेही कावेरीने गोड करून दिलं. थोर देश, बलाढ्य राष्ट्र, महाशक्ती, पहिल्या पंगतीचा देश, जगाचा तोल सांभाळणारा देश. रशियनमध्ये असल्या शब्दांना तोटा नाही आणि कावेरीने एकही वाया घालवला नाही. हे खोटं बोलणं आहे असं तिला कधी वाटलंच नाही. पडलेल्याला पडलेला म्हणायचं नसतं, एवढंच ती करत होती.

त्या आठवड्यात कारखान्यात कोणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. अमेरिकन कंपनी निम्मा कारखाना घेणार होती, वरच्या मजल्यावर फॅक्सवर फॅक्स येत होते आणि खाली त्यांतलं एक अक्षर कळत नव्हतं. येणाऱ्या मोठ्याला ज्याने त्याने आपलं नाव दिलं होतं. ऑफिसात सुपरपॉवर, कँटीनमध्ये 'वरचे लोक', फाटकावर 'नवे मालक'. कानडी पेपर मोठ्याने वाचणारे त्याला 'दोड्डण्णा' म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. प्रेसवरचा जुना कामगार कल्लाप्पा बेळगावकडचा, त्याच्या तोंडात मराठी आणि कानडी एकाच डब्यात भरल्यासारखी असे. वयाने मोठा असून तो कावेरीला अक्का म्हणे आणि ती त्याला अण्णा.

"अक्का, सकाळी आणिक फॅक्स आला म्हंतात," तो मंगळवारी म्हणाला. "दोड्डण्णा काय म्हंतोय?"

"काही नाही अण्णा, नेहमीचंच असणार. आणि मला कोण दाखवतंय?"

"एक भाऊ मेला, आता दुसरा वाटणी मागायला येतोय बघ. घर आमचं, वाटणी तेची!" कल्लाप्पा हसला, पण हसताना त्याचे डोळे वरच्या काचेच्या केबिनवरच होते.

गेनादी प्रेसच्या मागे तेलाच्या टाकीशी वाकला होता. कावेरीने वहीचं विचारलं तेव्हा त्याने आधी हात पुसले, मग चष्मा. रशियन रीतीप्रमाणे तो तिला वडिलांच्या नावासकट हाक मारत असे, आणि प्रतापरावांचं नाव त्या रीतीत बसवल्यावर ती होत असे कावेरी प्रतापोव्ना.

"शुक्रवारी बघू, कावेरी प्रतापोव्ना."

"देणार ना पण?"

"प्रेस कारखान्याचा आहे. वही माझी आहे. विचार करू द्या."

बुधवारी तिने पुन्हा विचारलं, गुरुवारी दोनदा. तेच उत्तर. पाटणकर येता-जाता भुवया उडवून विचारत आणि ती मान हलवी. टेबलाशी बसवेना म्हणून ती विनाकारण स्टोअरपर्यंत जाऊन येई. परतताना सिटी मार्केटला बस बदलायची, तिथे गुरुवारी ती भलत्याच बसमध्ये चढली आणि दोन थांबे उलटं चालत आली. नोकरी गेली तर घर कशावर चालणार, हा एकच प्रश्न डोक्यात भुंग्यासारखा पोखरत होता. चौतिसाव्या वर्षी, रशियन येते म्हणून कोण नोकरी देणार? दोन वर्षांपूर्वी रशियन शिकायला पोरं रांग लावत, आता त्या वर्गाच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता.

संध्याकाळी जेवताना प्रतापरावांनी चौकशी केली. ते गेनादीला कधी न पाहताच 'वकील' म्हणत, जुन्या दरबारी अर्थाने, म्हणजे दूत.

"उद्या वकील निघाले म्हणे? रिकाम्या हाताने जाऊ नको गं. मोठ्या दरबारचा माणूस. स्वल्प सुपारी, एक शेला..."

"अप्पा, त्यांचा दरबार राहिला नाही आता," कावेरी ताडकन म्हणाली. "कोणाचाच राहिला नाही."

प्रतापराव पानावरून उठले. भात तसाच राहिला. कावेरीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि राग कोणाचा ते नीट कळेना.

शुक्रवारी अकरा वाजता गेनादी इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये आला. खाली विमानतळाची गाडी उभी होती. त्याने वही टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पंजा टेकवून क्षणभर तसाच उभा राहिला, मग पंजा उचलला.

वाचलो, एवढंच कावेरीच्या मनात होतं.

"थांबा," पाटणकर म्हणाले. "गाडीत बसायच्या आधी दोन पानं वाचून दाखवा. मागाहून कळायला नको की आत बायकोला लिहिलेली पत्रं आहेत."

तिने ते गेनादीला सांगितलं, अर्थात पत्रं वगळून. त्याने स्वतः वही उघडून एक पान तिच्यापुढे धरलं. कावेरी मराठीत वाचू लागली, "सत्तावीस डिसेंबर. तेल पन्नास अंश. डाव्या खांबाचा तिसरा बोल्ट सैल, पाव फेरा आवळला. थंडीत सकाळी पहिले दहा ठोके अर्ध्या दाबाने द्यावेत, नाहीतर खांब कुरकुरतो."

"फर्स्ट क्लास!" पाटणकरांनी टेबलावर थाप मारली. "हेच पाहिजे होतं. पुढे?"

पुढे पानावर उभी रेघ मारली होती. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं, 'साहेब म्हणाले'. उजव्या रकान्यावर, 'कावेरी प्रतापोव्नाने सांगितलं'.

कावेरीला आधी डावीकडचं काही वाचताच येईना. अक्षरं रशियन होती आणि शब्द रशियन नव्हते. मग तिने ओठातल्या ओठात एक ओळ पुटपुटली. म-हा-स-त्ते-चं दु-का-न. पाटणकरांची मराठी होती ती, कानावर पडली तशी रशियन अक्षरांत उतरवून घेतलेली. उजवीकडे तिची स्वतःची वाक्यं होती. 'तुमच्या थोर देशात मोठे बदल होताहेत.' तिने पान उलटलं. तेल, बोल्ट, आणि पुन्हा ती रेघ. आणखी एक पान. पुन्हा रेघ.

"काय झालं? वाचा की," पाटणकर म्हणाले.

"तेलाचंच आहे, सर. तेलाच्या..." तिची जीभ सवयीने कामाला लागलीसुद्धा होती.

"वाच की अक्का," गेनादी म्हणाला. मराठीत! कल्लाप्पाची बेळगावी मराठी, त्यावर रशियन हेल. "समदं वाच."

पाटणकरांचा हात घड्याळाशी गेला होता, तो तिथेच राहिला.

गेनादी मग रशियनमध्ये तिच्याशी बोलला, सावकाश, जणू पाटणकर खोलीत नाहीतच. "सुरुवातीला मला वाटलं, इथली माणसं फार सुसंस्कृत आहेत. पण ते बोलताना हसत आणि तुम्ही सांगताना गंभीर होत. दोन्हींचा मेळ बसेना. म्हणून ऐकू येईल तसं लिहून ठेवायला लागलो. खाली गेलो की कल्लाप्पाला विचारायचो, तो कधी हातवारे करून सांगायचा, कधी शिव्या देऊन. तुमची भाषा मी या दोन रकान्यांमधल्या अंतरावरून शिकलो."

"मग पानं फाडून का नाही दिलीत?" कावेरीला रडू आवरेना. "मी तुमच्या भल्यासाठीच..."

"कामाच्या वहीचं पान फाडत नसतात. आणि भलं म्हणाल तर, कावेरी प्रतापोव्ना, माझ्याकडे उत्तरं होती. चांगली उत्तरं होती. दुकान आमचं बंद पडलं, ते खरंच आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण पोकळ वासा म्हणणाऱ्याला मी हा प्रेस दाखवला असता. तुम्ही मला दरवेळी दिलासा आणून दिलात. दिलाशाला माणूस काय उत्तर देणार? आभार मानतो. मी आठ महिने इथे आभार मानत बसलोय. आणि समजायला लागल्यावर गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती."

"काय म्हणतोय तो?" पाटणकरांनी विचारलं.

कावेरीने डोळे पुसले आणि वही सरळ धरली. मग तिने डावा रकाना वाचला. भाषांतर करायचं काही नव्हतंच, पाटणकरांचे शब्द पाटणकरांच्याच भाषेत बाहेर पडत होते. दुकान. पाटी. पोकळ वासा. धूड. गल्लीतलं कुत्रं. एकेका तारखेने ती वाचत गेली तसे साहेबांचे कान लाल होत गेले. मग तिने उजवा रकाना वाचला, त्याचं मराठी करून, आणि तेव्हा मात्र तिचे स्वतःचे कान तापले. एकापाठोपाठ एक ऐकल्यावर ते सगळे थोर आणि बलाढ्य शब्द मेलेल्या माणसाच्या गळ्यातल्या हारांसारखे वाटत होते.

वाचून झाल्यावर गेनादीने पाटणकरांशी हस्तांदोलन केलं. "समजतंय, सायेब," तो म्हणाला. "बरं चाललंय तुमचं. असंच चालू द्या." तिच्याकडे वळून त्याने मान लववली आणि गुडघ्यांवर हात ठेवत जिना उतरला. खाली गाडीचं दार लागलं.

आता आपल्याला काढणार, हे कावेरीने धरलंच होतं. दुभाष्याने बोलणं बदलणं म्हणजे चौकीदाराने किल्ली बदलणं. पण पाटणकर एकाएकी हसायला लागले. आधी कसनुसं, मग मोकळं.

"बसा हो, कावेरीबाई," ते म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला बसायला सांगितलं. "मला वाटत होतं तुम्ही नुसत्या भाषांतर करता. तुम्ही तर कमालीच्या कामाच्या निघालात! आठ महिने त्या माणसाला मी तोंडावर वाट्टेल ते बोललो आणि तो थँक यू म्हणत राहिला. हे असं माणूस मला आयुष्यात मिळालं नव्हतं."

त्यांनी खणातून एक फॅक्स आणि त्याला टाचलेली हाताने लिहिलेली यादी काढली. अमेरिकन कंपनीला हा प्रेस नको होता. नवा येणार होता आणि वर्षभरात हा मोडीत जाणार होता. वही तेवढ्या वर्षापुरतीच हवी होती, तिचं कानडी करून घेतलं की नवखे कंत्राटी लोक ती बघून प्रेस चालवतील. प्रेस खात्यातले साठ जण जायचे होते.

"कानडीत नोटीस काढा. तुमच्या पद्धतीने. 'काढून टाकणार' वगैरे शब्द नकोत. नव्या रचनेत सामावून घेण्याचा विचार, ज्येष्ठांचा मान, असं काहीतरी. मंडळींना बरं वाटलं पाहिजे. सोमवारी त्याखाली सह्या घेऊन टाकू, सही झाली की पुढे कोर्टात बोंब मारायला जागा नाही. आणि तुमची ऑर्डर आजच टाइप करायला सांगतो. पगारही वाढवू."

कावेरीला आनंद झाला. नाही कशाला म्हणायचं? घर वाचलं होतं, अप्पांचं औषधपाणी वाचलं होतं, आणि चार दिवसांनी पहिल्यांदाच तिचे पाय जमिनीवर टेकले होते. फॅक्स आणि यादी घेऊन ती जिना उतरू लागली तेव्हा नोटिशीचं पहिलं वाक्य तिच्या डोक्यात आपोआप तयार झालं होतं, आणि वाक्य खरोखर छान होतं. वाचणाऱ्याने गेनादीसारखेच आभार मानले असते.

शेवटच्या पायरीवर तिला ते जाणवलं आणि ती थबकली.

प्रेसचे ठोके चालू होते. कल्लाप्पा हातमोजे काढत तिच्याकडे आला.

"गेला गेनादी अण्णा. जाताना मिठी मारून गेला बघ." त्याची नजर तिच्या हातातल्या कागदावर गेली. "हे काय? दोड्डण्णाचं पत्र?"

"हो."

"काय म्हंतोय?"

तिने कागद छातीशी धरला तसा कल्लाप्पा जवळ आला. त्याचा आवाज उतरला होता. "अक्का, गेनादी अण्णाला तू काय सांगत हुतीस ते मला म्हाईत हाय. मीच तेला उलगडून सांगत हुतो. तुझं मन चांगलं, सरी, खरं हाय. पर आमाला तसलं नको. आमाला घरदार हाय."

कावेरीने वर पाहिलं. काचेमागे पाटणकर फोनवर हसत होते.

"साठ माणसं काढणार आहेत, अण्णा," ती म्हणाली. "प्रेस खात्यातली. सोमवारी एक कागद येईल. त्यावर काहीही गोड लिहिलेलं असलं तरी सही करू नका. सही केली की संपलं."

"माझं नाव हाय?"

"चौथं."

कल्लाप्पाने एकदाच मान हलवली. मग तो वळला, खांबाजवळ गेला आणि लाल बटण दाबलं. वर गेलेला प्रेस वरच राहिला. एवढी शांतता त्या शेडमध्ये दिवसाढवळ्या कधी कोणी ऐकली नव्हती. माणसं हातातलं टाकून एकेक करून गोळा झाली.

"वाच अक्का," कल्लाप्पा म्हणाला. "मोठ्यांदा वाच."

वरचं दार उघडलं आणि पाटणकरांनी तिला नावाने हाक मारली, मग पुन्हा मारली, जिन्यावर त्यांचे बूट वाजू लागले. कावेरीने यादी दोन्ही हातांनी धरली आणि पहिल्या नावापासून वाचायला सुरुवात केली.